वायर सैल हाय

“लावा,” म्हणून अण्णांनी डोळे मिटले.

त्याआधी त्यांनी समोरच्या काचेच्या कपाटात बघून टोपी काढली होती, तिची घडी करून गुडघ्यावर ठेवली होती आणि कपाळाला चिकटलेले केस बोटांनी मागं सारले होते. फोटो काढायला बसावं तसे ते स्टुलावर ताठ बसले होते. कपाटात ओळीनं हेडफोन टांगलेले होते.

दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. मालक मुजावर सर. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लागणारं सगळं त्यांच्याकडं मिळायचं, आणि मागच्या बाजूला भिंतींना जाड नमदा लावलेली छोटी खोली होती. तिथं बसून हेडफोन ऐकून बघता यायचे, म्हणून आम्ही बापलेक इचलकरंजीहून एसटीनं तिथवर गेलो होतो.

मुजावर सरांनी माझ्या पेन ड्राइव्हमधलं गाणं सुरू केलं. अण्णांच्या कानावरच्या हेडफोनमधून बाहेर नुसती घरघर ऐकू यायला लागली.

“हे गाणंच आहे ना गं?” सर मला हळूच म्हणाले. “का फाइल खराब झालीय?”

“गाणंच आहे. असंच असतं.”

“बरं. मी आपलं विचारलं. मागच्या आठवड्यात एकजण अशीच फाइल घेऊन आला होता, ती खरंच खराब होती.”

आमचा चौघांचा बँड होता. मेटल वाजवायचो. मी बास गिटार वाजवायचे, आणि ड्रमवर विश्वजित. बंद पडलेल्या एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, गोदामात आमचा सराव चालायचा, कारण शेजारच्या मागांच्या खडखडाटात आमच्या आवाजाबद्दल तक्रार करायला कुणी उरत नव्हतं. बंगळूरला एक मोठा मेळा भरणार होता. त्यांना वीस दिवसांत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. निवड झाली तर आम्ही मोठ्या स्टेजवर वाजवणार. नाही झाली तर विश्वजित पुण्याला नोकरीला जाणार, हे त्यानं सांगूनच ठेवलं होतं.

चौघांचं वाजवणं वेगवेगळं टिपून झालं होतं, आणि ते नुसतं एकत्र ठेवलेलं कच्चं गाणं पेन ड्राइव्हमध्ये होतं. आता कोणाचा आवाज किती पुढं, कोणाचा किती मागं हे ठरवून त्याचं एक गाणं करायचं काम माझ्याकडं होतं. हे काम चुकीच्या हेडफोनवर केलं तर सगळं गाणं चुकतं, आणि चुकलंय हे करणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याच्या कानात ते बरोबरच वाजत असतं. म्हणून हेडफोन नीट निवडायचा होता. आणि म्हणूनच अण्णा बरोबर आले होते.

“यंत्र घ्यायचं तर ऐकून घ्यायचं,” ते घरी म्हणाले होते. “तू एकटी जाशील, दुकानदार काय बी गळ्यात बांधील.”

अण्णा जॉबर होते. म्हणजे यंत्रमागांचे डॉक्टर. चौगुले मालकांच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, चाळीस माग, आणि त्यातला कुठला दुखतोय हे अण्णा दारात चप्पल काढता काढता सांगायचे, असं म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मागाच्या अंगाला लावायचे, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “बेअरिंग. डावं.” खोलून बघावं तर डावंच निघायचं. मागांच्या आवाजानं कान जातात म्हणून कोणी कोणी कामगार कानात कापूस घालत. अण्णांना ते चालत नसे. कानात कापूस घातलेला जॉबर म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणारी बाई, असं ते म्हणायचे.

येत्या सोमवारी मालकांचं नवं खातं सुरू होणार होतं. अठ्ठेचाळीस माग, आणि त्यांचे मुख्य जॉबर अण्णा. आईनं सत्यनारायण बोलला होता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका खात्यात मागातला धोटा उडून सुभाना नावाच्या कामगाराच्या डोळ्यात बसला होता. डोळा गेला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. अण्णा सुभानाला दवाखान्यात बघून आले तेव्हा जेवले नव्हते. “उडायच्या आधी माग सांगत असतो,” ते म्हणाले होते. “बारीक टिचकी येती. काचंवर नख मारल्यागत. ऐकणारा पाहिजे तिथं.” चौगुले मालकांनी नव्या खात्यासाठी अण्णांना निवडलं ते त्यानंतरच.

तर अण्णा डोळे मिटून आमचं गाणं ऐकत होते. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर पडत होतं, आणि ते बरोबर विश्वजितच्या पायाच्या ठोक्यावर पडत होतं. मला बरं वाटलं. आमच्या घरात आजवर कोणी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

“दोन्ही पायांनी मारतोय न्हवं पोरगा?” अण्णा मोठ्यानं म्हणाले. हेडफोन घातलेला माणूस बोलतो तसं. “डावा पाय उशिरा पडतोय त्येचा. एक केसभर.”

मुजावर सरांनी माझ्याकडं बघितलं.

“पडतो,” मी म्हणाले. “त्याला आम्ही महिनाभर तेच सांगतोय.”

“कान आहे हं तुझ्या वडिलांना,” सर म्हणाले.

तेवढ्यात अण्णांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे उघडले.

“बंद पडलं.”

“काय?”

“गाणं बंद पडलं.” त्यांनी हेडफोन काढून हातात घेतला, वायर जिथं आत जाते तिथं अंगठ्यानं दाबून बघितली. “वायर सैल हाय ह्येची.”

सरांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. “चालू आहे की, काका.”

“आता झालं आसंल. हालवलं ना मी.”

“नवा आहे हो पीस.”

“नव्यातच जास्ती आसतंय,” अण्णा म्हणाले. “जुन्याचं काय सैल व्हायचं ते हून गेलेलं आसतंय.”

सर हसले आणि तो बाजूला ठेवला. तसाही तो मला नको होता. त्यात खालचा आवाज फार होता, लग्नातल्या डीजेसारखा, आणि एकदा धप्प झालं की ते विरायच्या आत दुसरा ठोका येऊन त्याच्यावर बसत होता. मेटलला ते चालत नाही. ठोका पडला पाहिजे आणि लगेच निघून गेला पाहिजे, म्हणजे पुढच्याला जागा होते.

दुसरा हेडफोन आधी मी ऐकला. त्याची पाठ जाळीची होती. आवाज मोकळा, दोन गिटारी दोन बाजूंना वेगळ्या उभ्या, माझा बास त्यांच्या खालून स्पष्ट चाललेला, आणि झांजा जेवढ्या पाहिजेत तेवढ्याच. आमच्याच गाण्यात मला दोन चुका सापडल्या, ज्या तोवर कुणालाच ऐकू आल्या नव्हत्या. मला तिथंच कळलं होतं, हाच.

“अण्णा, हा बघा.”

अण्णांनी घातला. डोळे मिटले. बोट सुरू झालं.

आमच्या त्या गाण्यात मध्ये एक जागा होती. सगळे एकदम थांबायचो. गिटारी नाहीत, बास नाही, विश्वजितचे पाय नाहीत. फक्त तो डाव्या हाताच्या झांजेवर काठीच्या टोकानं आठ ठोके द्यायचा. बारीक, कोरडे, टिस टिस टिस टिस. आणि नवव्याला सगळे मिळून अंगावर येऊन पडायचो. ती जागा माझी होती, मी सुचवलेली. समोरच्या स्क्रीनवर गाण्याची वेळ दिसत होती. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद झाले आणि मी मनात आठ मोजायला लागले.

अण्णांचं बोट थांबलं.

“ह्येची बी वायर सैल हाय,” ते म्हणाले.

मी स्क्रीनकडं बघितलं. दोन चव्वेचाळीस. मग नववा ठोका आला असणार, कारण अण्णांची मान किंचित हलली, बोट पुन्हा सुरू झालं आणि ते म्हणाले, “आली. मधी सुटती आणि येती.”

मुजावर सर वायर बघायला वाकले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. का लावला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ते थांबले.

“सर, पहिला परत लावू या का एकदा? त्याच ठिकाणापासून.”

पहिला पुन्हा लावला. दोन एकेचाळीसला बोट थांबलं. दोन पंचेचाळीसला सुरू झालं.

“बघा,” अण्णा म्हणाले. “दोन्ही तसलेच. ह्यांच्यात पितळच न्हाई. त्या पोराकडं पितळंच्या थाळ्या हायत, मी बघितल्यात गोदामात. त्या कुटं गेल्या?”

सरांनी दोन्ही हेडफोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

तिसरा हेडफोन सरांनी स्वतःहून काढला नसता. अण्णांनीच कपाटात बोट दाखवलं. “त्यो द्या. चंदेरी.”

“काका, त्याचा आवाज टोचतो. लोक पहिल्यांदा ऐकून खूश होतात आणि आठ दिवसांनी परत घेऊन येतात.”

“द्या तरी.”

मी आधी दहा सेकंद ऐकला. झांजा कानात सुया घातल्यासारख्या आल्या. काढून अण्णांना दिला. त्यांनी घातला आणि डोळे मिटले.

दोन एकेचाळीसला बोट थांबलं नाही. ते हळू झालं, पण पडत राहिलं. आठ वेळा. आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार वर्षांनी, अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा बघितलं. माझ्या मुलीला, जुईला, पहिल्यांदा आंब्याची फोड चाटवली तेव्हा.

“हां,” ते म्हणाले. “ह्यो बराबर हाय. हितं चालू राहिलं. मोठं करा जरा.”

सरांनी आवाज वाढवला. इतका, की खोलीभर आमचं गाणं बारीक होऊन पसरलं. अण्णांनी डोळे उघडले होते आणि ते सरांकडं बघत होते.

सर हळू आवाजात, कदाचित स्वतःशीच, पुटपुटले, “एवढा मोठा लावून रोज ऐकला तर दहा मिनिटांत कान दुखतील.”

“दुखू देत की,” अण्णा लगेच म्हणाले. “त्या बिगर कान आसल्याचं कळत न्हाई.”

सर तसेच उभे राहिले. तेवढ्या आवाजात, कानावर गाद्या दाबून बसलेल्या माणसाला ते पुटपुटणं ऐकू येणं शक्य नव्हतं. मला स्वतःला ते नीट ऐकू आलं नव्हतं.

आमच्याकडं मागांवर काम करणारी सगळीच माणसं ओठ वाचतात. खात्यात आवाज चालत नाही, तिथं तोंडं नुसती हलतात आणि हात बोलतात. घरी आल्यावरही ते समोर येऊन, तोंडाकडं बघून, मोठ्यानं बोलतात. आमच्या गल्लीत सगळीच घरं तशी. आई अण्णांना हाक मारायची नाही, दंडाला हात लावायची. अण्णा मला दिवसातून चारदा म्हणायचे, “तोंड हिकडं करून बोल.” मला ती शिस्त वाटायची.

मी स्टुलाला वळसा घालून अण्णांच्या पाठीमागं गेले. त्यांचा मळकट शर्ट, मानेवरचे बारीक कापलेले केस, चंदेरी पट्टी. मी एक वाक्य बोलले. फार मोठ्यानं नाही, पण पुटपुटलेही नाही.

अण्णा वळले नाहीत. बोट गुडघ्यावर पडत राहिलं.

मुजावर सरांनी मात्र ऐकलं. त्यांनी टेबलावरची एक मोकळी वायर उचलली आणि कोपराला गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाल्यावर सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

गाणं संपलं. अण्णांनी हेडफोन काढला, टोपी झटकून डोक्यावर घातली.

“ह्योच,” ते म्हणाले. “बाकीच्या दोघांच्या वायरी बघून घ्या, साहेब. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधू नका.”

“बघतो, काका,” सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून, अण्णांना दिसणार नाही असं तोंड करून, “तुझ्या कामाला दुसरा. तुला कळलंय ना?”

“कळलंय.”

“मग?”

अण्णा उभे होते. दोन हात पाठीशी, मान थोडी वर, खात्यात पाहुणे आले की उभे राहायचे तसे. मुलीचं यंत्र त्यांनी ऐकून निवडलं होतं.

“चंदेरीच द्या,” मी म्हणाले.

परतीच्या एसटीत अण्णांनी खिडकीची जागा घेतली. एरवी ते मला देत. खोकं मांडीवर घेतलं आणि बाहेर बघत बसले. हातकणंगले आलं, गेलं. मी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते एकदाही माझ्याकडं वळले नाहीत, आणि ते वळल्याशिवाय त्यांच्याशी बोलता येत नाही, हे मला त्या दिवसापासून माहीत झालं होतं.

रविवार गेला. मी ठरवलं होतं की सकाळी सांगायचं, मग दुपारी, मग जेवण झाल्यावर. काय सांगायचं तेही पाठ केलं होतं. अण्णा, तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत. झांजेचे ठोके येत नाहीत, म्हणजे ती टिचकीही येत नसणार. त्या खात्यात अठ्ठेचाळीस माग आहेत आणि समोर माणसं उभी राहणार आहेत. एवढंच होतं. आई पूजेची यादी करत होती. अण्णांनी नवीन स्क्रू-ड्रायव्हर आणला होता आणि त्याच्या मुठीला सुती पट्टी गुंडाळत बसले होते. मी सांगितलं नाही.

सोमवारी ते साडेसहाला गेले. नऊला परत आले. डबा उघडलेला नव्हता.

“काय हो?” आईनं समोर जाऊन विचारलं.

“त्या धाकट्या जॉबरला, म्हेत्र्याला दिलं नवं खातं. त्येचे कान तरणे हायत.”

“आणि तुम्ही?”

“सुताच्या कोठीवर. सावलीतलं काम हाय.”

आई पुढं कितीतरी महिने चौगुले मालकांना नावं ठेवत होती. सत्यनारायण झाला नाही. मला काय वाटलं ते सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. माझं काम दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. मालकांना कसं कळलं याचा मी विचार केला आणि मग सोडून दिला.

गाणं मी त्या हेडफोनवर केलं. झांजा टोचत होत्या म्हणून कमी करत गेले, मग गिटारींची धार कमी केली, मग सगळ्याचीच. माझ्या कानात ते छान वाजत होतं. विश्वजितनं त्याच्या काकांच्या मोठ्या स्पीकरवर लावून बघितलं आणि फोन केला.

“सारिके, तू काय केलंयस हे?”

“काय झालं?”

“गोधडी पांघरून वाजवल्यागत येतंय. ते आठ ठोके कुठायत?”

“आहेत.”

“असतील. ऐकायला येत न्हाईत.”

दोनच दिवस उरले होते. तेच पाठवलं. निवड झाली नाही. विश्वजित पुण्याला गेला, आणि बँड मोडला असं कुणी म्हणालं नाही, फक्त गोदामाची किल्ली कुणी परत मागायला गेलं नाही. हेडफोन का बदलून आणला नाहीस, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, कारण हेडफोनचा प्रश्न होता हे त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यानंतर ते गाणं एकटीनं त्या स्पीकरवर ऐकलं. काठीच्या टोकाचे ठोके गेलेले, शब्दांची टोकं गेलेली, खालचं धडधडणं तेवढं शाबूत. अण्णांना सगळं जग असंच ऐकू येत असणार, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना ऐकू येतं तसंच मी एक गाणं केलं होतं, आणि अण्णांनी मात्र ते एकदाही पूर्ण ऐकलं नाही. ते जुनं, कच्चंच लावायचे. चंदेरी हेडफोन घालून, दुपारी कोठीवरून आल्यावर.

हे मी तुकड्या-तुकड्यानं लिहितेय. जुई बालवाडीत असते तेवढा वेळ माझा. काल ‘दोन एकेचाळीस’ इथं थांबले होते, कारण तिला आणायची वेळ झाली होती. आजही अर्धाच तास आहे, पण राहिलंय ते थोडंच आहे.

जुई झाली ते मास्कचं वर्ष होतं. दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकाच माणसाला थांबू देत. दुसऱ्या दिवशी दुपारी आई अंघोळीला घरी गेली आणि अण्णा आले. तेवढ्यात बाळाचे कान तपासायला एक बाई आल्या. नव्या जन्मलेल्या मुलांचे कान आता लगेच तपासतात. मुगाएवढं एक बोंडुक त्यांनी जुईच्या कानात बसवलं. ती झोपेतच होती. हातातल्या छोट्या यंत्रावर रेघा सरकत होत्या. अण्णा त्यांच्या खांद्यावरून बघत होते, मागात वाकून बघायचे तसे.

बाई मास्कच्या आडून काहीतरी म्हणाल्या आणि यंत्र उचलून पुढच्या खाटेकडं गेल्या.

अण्णा त्या गेल्या तिकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. मी त्यांना तोवर कधी विचारताना ऐकलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“काय म्हणाली ती?”

मी माझा मास्क खाली ओढला. “दोन्ही कान चांगले आहेत म्हणाल्या.”

अण्णांनी माझ्या ओठांकडं बघितलं, मान हलवली आणि खाटेच्या कडेला बसले. स्वतःचाही मास्क खाली केला.

“ह्या मास्कांनी वैताग आणलाय,” ते म्हणाले. “समदी मुकी झाल्यात.”

मी जुईचं दुपटं नीट केलं.

“तुला ठाऊक हाय न्हवं? मुजावरच्या दुकानातनं.”

“तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

“तवापासनंच.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी मला वाटायचं, माग सुधारल्यात. चांगलं तेल, चांगले पार्ट. दोन-तीन वरसं टिचकीच येत नव्हती. मी मालकाला म्हणायचो बी, आता टिचकी येत न्हाई, माग लई गुणी झाल्यात.” ते जुईच्या मुठीत स्वतःचं बोट सरकवायचा प्रयत्न करत होते. “सुभान्याच्या खात्यातला जॉबर बी आसंच म्हणत आसंल.”

“मग दुकानात कसं कळलं?”

“मी जॉबर हाय, बाळ. दोन येगळे माग एकाच जागी आडले, तर खोट मागात नसती. सूत बघायचं आसतंय. वायरी दोन्ही चांगल्या हुत्या.” मग थोडं थांबून, “पन तिसऱ्यात ते पितळ आलं बघ. लई दिवसांनी आलं.”

“मग मला तो का घेऊ दिलात? माझ्या कामाचा नव्हता तो. तुम्हाला कळत होतं.”

“व्हय.”

“मग?”

“तुला वाटत हुतं, आण्णाला कळलं न्हाई. माझी लाज राखायला तू तुझं नुकसान करून घेतलीस. मी तितं बोललो आसतो तर तुझं नुकसान वाचलं आसतं, आणि तू जे केलीस ते वाया गेलं आसतं.” त्यांनी खांदे उडवले. “चुकलं बी आसंल माझं. मला तवा ते मोडू वाटलं न्हाई.”

जुईनं त्यांचं बोट धरलं. पलीकडच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं आणि अण्णांनी तिकडं वळूनही बघितलं नाही.

“म्हणजे नवं खातं मालकांनी काढून घेतलं नव्हतं तर,” मी म्हणाले.

“त्यो कशाला काढून घील? मीच सांगितलं, म्हेत्र्याला द्या म्हणून. सोमवारी, खातं सुरू व्हायच्या आदी.”

“का? म्हणजे, वायरीवरून कळलंच होतं तुम्हाला, पण एवढं कळूनसुद्धा माणूस...”

“माणूस गेला आसता की. नवं खातं हुतं. तुझी आई नारळ घिऊन बसलेली. गेलो आसतो मी.”

“मग?”

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “दुकानात माझ्या म्होरं कपाट हुतं. काचंचं. टोपी काढली मी त्याच्यात बघून. तू मागं येऊन हुबी राहिलीस, ते दिसलं की मला.”

मला त्यांचा तो मळकट शर्ट आणि चंदेरी पट्टी आठवली. आणि गुडघ्यावर पडत राहिलेलं बोट.

“मी काय म्हणाले ते...”

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. जुई झोपली होती. त्यांनी आवाज काढला नाही. खात्यात बोलतात तसे नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि मी मागवाल्याची मुलगी आहे, मला ते सरळ वाचता आलं.

अण्णा, सोमवारी जाऊ नका.